ओवीचे सौंदर्य आणि सास्तूरच्या भिंती

मराठी समीक्षेने जात्यावरच्या ओवीला मान दिला तो बहुधा तिच्या भावमधुरतेसाठी. सासर-माहेर, बंधुप्रेम, पंढरीची ओढ अशा कप्प्यांत ओव्या लावल्या गेल्या आणि ती उच्चारली गेली ती जागा हरवली. वास्तविक ओवीतील रूपवर्णन पहाटेच्या अंधारापासून, जात्याच्या खुंट्यापासून, ज्वारीच्या दळणापासून सुटे काढता येत नाही. तेथे रूपाचे माप बघणाऱ्याच्या नजरेत नसते. कष्टणारी बाईच आईला, लेकीला, क्वचित स्वतःला उपमा देते. ॲलिस वॉकर यांनी १९७४ च्या निबंधात आईने फुलवलेल्या बागेत कृष्णवर्णीय स्त्रियांची दडपलेली निर्मितिशीलता ओळखली. ती बाग वाटसरूंनाही दिसे; ओवी मात्र बहुधा भिंतीआडच राही.

लोहारा परिसरात या भिंतींनाच इतिहास आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, एके काळी जात्याची घरघर सुरू होण्याच्या सुमारास, भूकंप झाला. तेव्हा उमरगा तालुक्यात आणि आज लोहारा तालुक्यात असलेले सास्तूर उद्ध्वस्त झाले. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि मातीचे जड माळवद गणेशविसर्जनानंतर झोपलेल्या माणसांवर कोसळले. लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजार माणसे गेली.

भूकंपाने ओवी संपवली, असे म्हणण्याचा मोह टाळला पाहिजे. ते काम पिठाच्या गिरणीने आधीच बरेचसे केले होते. पडलेल्या भिंतींपाशी स्त्रियांचा निराळाच उच्चार सुरू झाला. घरदुरुस्तीच्या शासकीय कार्यक्रमात ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेमार्फत गावोगावी स्त्रिया ‘संवाद सहायक’ झाल्या. माळवदावरची माती का उतरवायची, भिंतीची दोन्ही अंगे बांधणारा आरपार दगड कोठे बसवायचा, हे त्या घरोघर सांगू लागल्या. अभियंत्यांशी, ग्रामसभेत बोलू लागल्या. हे बोलणे ‘विकासकार्य’ म्हणून अहवालात गेले. ओवीला ‘लोकसाहित्य’ म्हणून जपणाऱ्या समीक्षेला मात्र त्यात वाङ्मयीन इतिहासाचा दुवा दिसला नाही. ओवी बाईने बाईला सांगितलेले घरातले ज्ञानही होती, हे मान्य केले असते तर तो दिसता.

२६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर या दोन जिल्ह्यांतील स्त्रिया कच्छमध्ये गेल्या. तेथली भाषा त्यांची नव्हती, पोशाख निराळा होता. बोलण्याचा विषय पुन्हा घर आणि भिंत हाच होता.