उंदीर आणि गेंडा

२०१५ सालच्या जून महिन्यात रेवदंड्याच्या किनाऱ्याला एक निळा देवमासा लागला. ४२ फुटांचे ते धूड जिवंत होते. कोळी धावले, वनखात्याची माणसे आली, पुष्कळ खटपट झाली. पण बिचारा वाचला नाही. त्याच रेवदंड्यात नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत आणि नारळाच्या शेंड्यात राहतो गेंड्या भुंगा. अंगठ्याएवढा, काळाभोर, डोक्यावर एकच शिंग! आमच्या आंबिवलीकरांना देवमासा चित्रातलाच. असले शिंगाळ भुंगे मात्र पावसाळ्यात दिव्यावर येऊन आपटतात.

एक कीटक, दुसरा सस्तन प्राणी. यांची तुलना ती काय करायची, असे कोणी म्हणेल. पण या दोघांचे शास्त्रीय बारसे एकाच ग्रंथात झाले आहे. १७५८ साली स्वीडनच्या लिनियसने आपल्या प्राणिसूचीची दहावी आवृत्ती काढली. तीत भुंग्याचे नाव त्याने ठेवले ‘ऱ्हायनोसेरॉस’, म्हणजे गेंडा. आणि या अवाढव्य जलचराचे ‘मस्क्युलस’, म्हणजे लहानसा उंदीर! घरातल्या उंदरालाही त्याने तेच नाव दिले. लॅटिनमध्ये त्या शब्दाचा ‘स्नायू’ असाही अर्थ आहे, तेव्हा थट्टा होती की नव्हती यावर पंडितांनी वाद घालावा. मला तर ती थट्टाच वाटते. याच आवृत्तीत त्याने देवमाशाला माशांच्या पंक्तीतून उठवून सस्तन प्राण्यांत बसवले. आपण मराठी माणसे अजून त्याला मासाच म्हणतो!

पुढच्या इतिहासाने ही नावे भलतीच खरी करून दाखवली. शिडाच्या जहाजांना निळा देवमासा कधी आटोपत नसे. तो वेगवान, आणि मेला की बुडणारा. १८६० नंतरच्या दशकात नॉर्वेच्या स्वेन्ड फॉयनने आगबोटीवर तोफ चढवून स्फोटक भाला सोडण्याची युक्ती काढली आणि चित्र पालटले. १९३०-३१ च्या एकाच हंगामात दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्रात सुमारे २९ हजार निळे देवमासे मारले गेले. कशासाठी? साबणासाठी आणि मार्गारिनसाठी! दोन-तीन वर्षांतून एकदा एकच पिलू देणाऱ्या मादीने ही तूट भरून काढावी कशी? १९६६ साली बंदी आली, तोवर थोडेच उरले होते. आणि सोव्हिएत जहाजे त्यानंतरही चोरून शिकार करीतच होती.

भुंग्याचे दैव उलटे. त्याला माणसाने नकळत जहाजात बसवून फिरवले. १९०९ साली सिलोनहून सामोआ बेटावर रबराची रोपे गेली, त्यांच्याबरोबर हाही गेला आणि तिथल्या माडांवर तुटून पडला. मादी पन्नासेक अंडी घालते, तीही कुजक्या लाकडात नाहीतर शेणखतात. मग काय उणे? १९६३ साली मलायात या भुंग्याला मारणारा एक विषाणू हुगर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला सापडला. १९६७ पासून तो सामोआत सोडला, तेव्हा कुठे माड सावरले. पण २००७ मध्ये ग्वाम बेटावर आढळलेला भुंगा त्या विषाणूलाही फारशी दाद देत नाही.

कोकणातला वाडीवाला विषाणूची वाट पाहत बसत नाही. झावळीवर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसले की तो आकडी घेऊन माडावर चढतो, भोकात ती घालतो आणि गेंडा ओढून बाहेर काढतो. खाली उतरला की शेणखताचा खड्डा उपसून आतल्या पांढऱ्या, जाडजूड अळ्या वेचतो.