मर्यादेचा आकृतिबंध : 'स्पेस इन्व्हेडर्स' आणि त्याची पुनर्निर्मिती

पुनर्निर्मितीचा विचार मराठी समीक्षेने मुख्यतः नाट्यरूपांतराच्या अनुषंगाने केला आहे. आगरकरांचे 'विकारविलसित' (१८८३) किंवा देवलांचे 'झुंझारराव' (१८९०) यांची चर्चा करताना मूळ संहितेतील काय टिकले, काय देशी झाले आणि काय निसटले, हेच प्रश्न विचारले गेले. या प्रश्नांमागे एक गृहीत आहे. मूळ कृतीचे रूप कर्त्याने हेतुपूर्वक घडविलेले असते आणि रूपांतरकाराने त्या हेतूशी इमान राखायचे असते, असे ते गृहीत. परंतु एखाद्या कृतीचे सर्वांत लक्षणीय रूपवैशिष्ट्य साधनाच्या दौर्बल्यातून जन्मले असेल, तर तिच्या पुनर्निर्मितीत इमान कशाशी राखायचे? या प्रश्नाचे विलक्षण स्वच्छ उदाहरण साहित्याबाहेर, व्हिडिओ गेमच्या इतिहासात सापडते.

तोमोहिरो निशिकाडो यांनी जपानमधील ताइतो या कंपनीसाठी १९७८ मध्ये 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ तयार केला. अटारीच्या 'ब्रेकआउट' (१९७६) या विटा फोडण्याच्या खेळाचे आकर्षण त्यामागे होते, एच. जी. वेल्स यांच्या १८९८ च्या कादंबरीतील अष्टपादासारखे मंगळवासी आक्रमकांच्या आकृतींना उपयोगी पडले. माणसांवर गोळी झाडण्याची कल्पना कंपनीला मान्य नव्हती, म्हणून शत्रू परग्रहावरचा झाला. ११ आक्रमकांची एक रांग, अशा ५ रांगा, म्हणजे एकूण ५५. खाली खेळाडूची एक तोफ आणि तिच्यापुढे चार तटबंद्या. या तटबंद्या शत्रूच्या माऱ्याने झिजतात, तशाच खेळाडूच्या स्वतःच्या गोळ्यांनीही झिजतात. (या खेळामुळे जपानमध्ये शंभर येनच्या नाण्यांचा तुटवडा पडला, ही कथा वारंवार सांगितली जाते, पुराव्याच्या कसोटीवर ती टिकत नाही. मात्र कृतीभोवती दंतकथा जमणे हेही तिच्या स्वीकाराच्या इतिहासात मोडते.)

या खेळाचा खरा विषय आहे लय. आरंभी आक्रमकांची फौज संथपणे सरकते. एकेक गारद होत जाते तशी उरलेल्यांची गती वाढते, आणि अखेरचा एकटा आक्रमक जवळजवळ धावत सुटतो. शत्रू जितका दुबळा होतो तितका तो भयंकर होतो. हा विरोधाभास कोणत्याही नाटककाराने अभिमानाने मिरवावा असा आहे. पण तो योजलेला नव्हता. इंटेल ८०८० या प्रक्रियकाची कुवत मर्यादित होती. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे उमटत आणि प्रत्येक चित्रात एकाच आक्रमकाची जागा बदलली जाई. साहजिकच ५५ जणांची फौज एक पाऊल सरकायला जवळजवळ एक सेकंद लागे. एकच उरला की तो प्रत्येक चित्रागणिक पाऊल टाकी. निशिकाडो यांनी हा परिणाम पाहिला, त्यातली उत्कंठा ओळखली आणि तो तसाच ठेवला. इतकेच नव्हे, पार्श्वभूमीला घुमणाऱ्या चार उतरत्या स्वरांची आवर्तने उरलेल्या आक्रमकांच्या संख्येनुसार द्रुत होत जातील, अशी योजनाही केली. हा दुसरा निर्णय अधिक महत्त्वाचा आहे. अपघात घडणे ही तंत्राच्या इतिहासातील घटना. त्या अपघाताला स्वरांची साथ देणे ही रचना. कर्तृत्व येथून सुरू होते.

अपघाताला रूप प्राप्त होण्याचे प्रकार व्यवहारातही आढळतात. नवापूरचे रेल्वे स्थानक मुंबई राज्याच्या विभाजनाआधीपासून उभे होते. १९६० नंतर महाराष्ट्र आणि गुजरात यांची सीमा त्याच्या मधून गेली. तिकीट खिडकी एका राज्यात, स्थानक अधीक्षकांची कचेरी दुसऱ्या राज्यात आणि उद्घोषणा चार भाषांत, अशी त्याची ओळख बनली. पण तेथे सीमा आजही आहे. रूप आणि त्याचे कारण एकत्र नांदतात. समीक्षेपुढचा पेच उभा राहतो तो कारण नाहीसे होऊनही रूप उरते तेव्हा.

अशा उरण्याचा मराठीतील सर्वांत समृद्ध दाखला जात्यावरील ओवीचा. जात्याचा फेरा, दाण्याची मूठ टाकण्याचे अंतर, दोघींनी खुंटा ओढताना लागणारा श्वास यांच्याशी ओवीची लय बांधलेली होती. पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाते कोपऱ्यात गेले. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या, हे मोठेच कार्य. परंतु कागदावर उतरलेल्या ओवीला दळणाचा भार नसतो. कष्टाची लय आता शैलीची लय होते. ही हानी आहे असे सरसकट म्हणता येत नाही, कारण लिखित ओवीची परंपराही मराठीत प्राचीन आहे. तिला बदल म्हणणे मात्र भाग आहे.

'स्पेस इन्व्हेडर्स'च्या बाबतीत कारण फार लवकर नाहीसे झाले. नामकोच्या 'गॅलॅक्सियन'मध्ये (१९७९) रंगीत शत्रू रांग मोडून एकेकटे झेपावू लागले. यंत्रणा आता अनेक आकृती सहज हलवू शकत होती. नव्वदीच्या दशकात भारतीय घरांत दूरचित्रवाणी संचाला जोडायची स्वस्त नकली यंत्रे आली आणि एकाच 'कॅसेट'मध्ये कोंबलेल्या असंख्य खेळांत 'गॅलॅक्सियन'ही असे. त्या पिढीतील बहुसंख्य मराठी मुलांना हा प्रकार भेटला तो नकलेच्या रूपात, नाण्याविना. मूळ कृती आधी आणि प्रतिकृती नंतर हा क्रम त्यांच्या अनुभवात नव्हताच. रूपांतराच्या सिद्धान्ताने हा वाचक सहसा गृहीत धरलेला नसतो.

ताइतोने मूळ खेळाच्या तिसाव्या वर्षी, २००८ मध्ये, 'स्पेस इन्व्हेडर्स एक्स्ट्रीम' हातात मावणाऱ्या यंत्रांसाठी प्रसिद्ध केला. आकृती त्याच, रांगा त्याच. पण आक्रमक रंगीत झाले, एकाच रंगाचे ओळीने टिपल्यास नवे शस्त्र मिळू लागले, आणि गोळीचा व स्फोटाचा आवाज नृत्यसंगीताच्या तालात मिसळला. मुळात ताल शत्रूच्या हातात होता; आता खेळाडू ताल धरतो. ही पुनर्निर्मिती निर्बुद्ध नाही. खेळाचा गाभा लयीत आहे हे तिच्या कर्त्यांनी अचूक जाणले. मात्र २००८ च्या यंत्राला ५५ आकृती एकदम हलविणे मुळीच अवघड नव्हते. आता शत्रूची गती वाढते ती कोणी वाढविली म्हणून. यंत्राच्या श्रमाचा तिच्यात अंशही नाही.

याहून खोल बदल शेवटाचा आहे. नव्या खेळात पाच टप्पे, प्रत्येक टप्प्याच्या अखेरीस एक बलाढ्य शत्रू आणि मग समाप्ती. जिंकता येते. नाण्यावर चालणाऱ्या मूळ यंत्राला खेळाडूचा विजय परवडणारा नव्हता. त्यामुळे किती गुण मिळवून हरायचे, एवढेच खेळाडूच्या हाती उरे. व्यापाराच्या गरजेतून आलेला हा नियम कृतीला नकळत शोकात्म परिमाण देऊन गेला, आणि ती गरज संपताच पुनर्निर्मितीने तो प्रथम सोडला. गतीचा अपघात जपला गेला, कारण तो कौशल्य म्हणून ओळखला गेला होता. पराभवाची अटळता तशी कोणी ओळखली नाही. मूळ खेळात ५५ जण संपले की पुन्हा ५५ येतात, आणि आधीच्यापेक्षा खालून सुरुवात करतात.