न दुखणाऱ्या चवड्याचा इतिहास

चवडा म्हणजे बोटांच्या मुळाशी असलेला तळपायाचा पुढचा भाग. पाऊल पुढे टाकताना टाच उचलली, की शरीराचा भार त्याच्यावर येतो आणि तेथे खडा किंवा काटा टोचला, तर वेदना माणसाला लगेच थांबवते. नागपूर ज्याची राजधानी होती त्या मध्य प्रांत व वऱ्हाडात ही वेदनाच हरवलेले हजारो चवडे होते, आणि कुष्ठरोगाने होणाऱ्या त्या व्यंगाला लोक ‘बोटे झडणे’ म्हणत. या शब्दप्रयोगातच एक मोठा गैरसमज दडलेला होता, कारण बोटे आपोआप झडत नसत.

वैद्य हॅन्सेन यांनी 1873 मध्ये शोधलेल्या कुष्ठजंतूला शरीराचे थंड भाग मानवतात, त्यामुळे घोट्याच्या आतल्या बाजूने त्वचेखालून तळपायाकडे जाणारा मज्जातंतू त्याच्या तावडीत सहज सापडतो. तो निकामी झाला, की तळव्याची संवेदना जाते, घाम थांबून कातडीला भेगा पडतात आणि पावलातील लहान स्नायू लुळे पडतात. मग बोटांचे मूळ वर उचलले जाते, टोके पंजासारखी खाली वळतात आणि चवड्यातील लांब हाडांची डोकी तळव्यावर दाबली जातात. त्या दाबाखाली आधी घट्टा, मग व्रण होतो. दुखत नसल्याने माणूस चालतच राहतो, जंतुसंसर्ग हाडापर्यंत पोचतो आणि बोट हळूहळू आखडत जाते.

अशा रुग्णांसाठी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी 1936 मध्ये कुष्ठधाम सुरू केले, तर बाबा आमटे यांनी 1949 मध्ये महारोगी सेवा समिती स्थापून वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले. या दोन्ही ठिकाणी रुग्णाला भिक्षेऐवजी काम मिळाले, आणि विदर्भाच्या सामाजिक इतिहासातील ही थोर घटना होय. परंतु कुदळ मारणाऱ्या, ढेकळांतून चालणाऱ्या बधिर पावलांना त्याच श्रमाची किंमत मोजावी लागणार होती, हेही तितकेच खरे आहे.

1946 मध्ये वेल्लोरला आलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड आणि त्यांचे सहकारी यांच्या कामातून बोटे का झडतात हे कोडे उलगडले: व्रणाचे मूळ कुजण्यात नव्हते, तर न जाणवणाऱ्या दाबात होते. म्हणूनच उपचारात पहिले स्थान विश्रांतीला, पायाला घट्ट बसणाऱ्या प्लास्टरला आणि दाब पसरवणाऱ्या मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या चपलांना मिळाले. शस्त्रक्रिया त्यानंतरची. सांधे लवचिक असतील, तर बोट खाली ओढणारी लांब कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, सोडवून बोटाच्या वरच्या बाजूस जोडतात. त्यामुळे जी ओढ बोटाला वाकवत होती, तीच त्याचे मूळ खाली आणून टोक सरळ ठेवते. शल्यचिकित्सक गर्डलस्टोन यांची ही पद्धत टेलर यांनी 1951 मध्ये प्रसिद्ध केली. सांधे ताठरले असतील, तर बोटाचा सांधा सरळ करून कायमचा जखडतात, आणि व्रण पुन्हापुन्हा उलटत असेल, तर खाली आलेल्या हाडाचे डोके काढून टाकतात. हा शेवटचा उपाय जपूनच करावा लागतो, कारण एका हाडाने सोडलेला भार शेजारच्या हाडावर जातो आणि व्रण केवळ जागा बदलतो.

1981-82 मध्ये बहुविध औषधोपचार देशात प्रथम ज्या जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत वर्धा होता. या औषधांनी जंतू मेले, रोगाचा फैलाव आटोक्यात आला. मात्र फार पूर्वी मेलेला मज्जातंतू त्यांनी जिवंत झाला नाही, आणि कोणतीही शस्त्रक्रियाही गेलेली संवेदना परत देत नाही. त्यामुळे रोगमुक्त झालेल्या माणसालाही दररोज पाय पाण्यात भिजवायचा, घट्टा दगडाने घासायचा, ओल्या कातडीला तेल चोळायचे आणि जे पावलाला कळत नाही ते डोळ्यांनी शोधायचे, हा नेम जन्मभर पाळावा लागतो.