लोखंड कमी, हवा जास्त : तगरच्या गाड्यांपासून आजच्या हॅचबॅकपर्यंत

तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म गेलेला माणूस आज चाकांवर बोलणार म्हटल्यावर काहींना नवल वाटलं असेल. कारण घरातलंच आहे. गेल्या पावसाळ्यात आमचा नातू आम्हाला आणि त्याच्या आजीला घेऊन धाराशिवहून सोलापूरला निघाला होता. आजीची तपासणी होती. हॅचबॅक नवी, चपळ, १६ इंची चकचकीत चाकांची. तुळजापूरच्या पुढे पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यात चाक आपटलं. टायर बाजूने फाटला, रिम वाकली. दोन तास रस्त्याकडेला गेले, तपासणीची वेळ हुकली आणि पुढची तारीख तीन आठवड्यांनी मिळाली. ते तीन आठवडे कसे काढले, ते आमचं आम्हाला ठाऊक.

घरी आल्यावर नातू म्हणाला, "आजोबा, आता एक इंचाने लहान चाकं बसवतो." आम्ही हसलो. म्हटलं, अरे, लहान चाक खड्ड्यात जास्त अडकेल! बैलगाडी बघत वाढलेल्या माणसाचं हे उत्तर होतं आणि ते चुकीचं होतं. का चुकलं, याचा शोध घेताना आम्ही थेट तेरला पोचलो.

तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकाच्या सुमारास एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये तगरचा उल्लेख आहे. पैठणचा माल आणि तगरचं सुती कापड गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मोठ्या मुलखातून भडोच बंदराला जात असे, असं तो सांगतो. यात आम्हाला महत्त्वाचा वाटतो तो रस्त्याचा अभाव. रस्ता नाही म्हटल्यावर चाकाने काय करायचं? उंच व्हायचं. खड्डा तेवढाच असला, तरी मोठ्या घेराचं चाक त्यात कमी उतरतं आणि सहज बाहेर येतं. आपल्या काळ्या रानात पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा. तिथे माणसाच्या छातीला लागणारं लाकडी चाक हा शौक नव्हता, ती गरज होती.

तुमच्यापैकी पन्नाशीपुढच्यांनी ते चाक पाहिलं असेल. मध्ये तुंबा, त्यात बसवलेले आरे, भोवती लाकडी कडं आणि त्यावर लोखंडी धाव. धाव चढवायचा दिवस म्हणजे गावात सोहळाच. गोवऱ्यांच्या जाळात धाव लाल करायची, लोखंड प्रसरण पावलं की चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं. धाव आकसली की सगळं चाक आवळलं जायचं. पदार्थविज्ञानाचं पुस्तक न उघडता सुतार आणि लोहार हे करत होते. पण या चाकात एक उणीव होती. त्याला दबणं माहीत नव्हतं. प्रत्येक दगडाचा धक्का आखावर, मग गाडीवानाच्या कंबरेवर आणि बैलांच्या खांद्यावर. शिवाय अरुंद धाव रस्ताही कापत जायची.

ही उणीव हवेने भरून काढली. रॉबर्ट थॉमसनने १८४५ साली हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं, पण ते मागे पडलं. १८८७ साली बेलफास्टमध्ये जॉन डनलॉपने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी ती कल्पना नव्याने शोधली. हा डनलॉप व्यवसायाने जनावरांचा डॉक्टर होता. पुढे १९३६ साली बंगालमध्ये साहागंजला त्या नावाच्या कंपनीचा कारखाना सुरू झाला आणि भारतात बैलगाडीलाही हवेचे टायर लागले. आता बघा, या टायरगाडीचं चाक जुन्या चाकाहून कितीतरी बुटकं. तरी ती चालते, कारण दगड आला की टायर दबतो. जे काम उंचीने व्हायचं, ते हवेने होऊ लागलं.

अर्थात सुधारणेचा फायदा कुणाला झाला, हेही इतिहासात विचारावं लागतं. कळंब, भूम, वाशीकडची माणसं ऊसतोडीला जातात, त्यांच्या टायरगाड्या आठवा. चाक हलकं फिरू लागलं, तर ओझं वाढवलं गेलं. बैलाला सुटका मिळाली नाही. आणि गावातल्या सुताराचं चाकाचं काम तर गेलंच.

आता नातवाच्या गाडीकडे या. तिच्या टायरवर १९५/५५ आर १६ असं लिहिलं होतं. १९५ ही मिलीमीटरमध्ये रुंदी, ५५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ५५ टक्के, आणि १६ ही इंचात रिम. त्याला हवा होता १८५/६५ आर १५. गणित करा. पहिल्यात बाजूची उंची १०७ मिलीमीटर, दुसऱ्यात १२०. आणि पूर्ण चाकाचा व्यास? दोन्हींचा सुमारे ६२१ मिलीमीटर! म्हणजे चाक लहान झालंच नाही. लहान झालं ते आतलं धातूचं कडं. त्याच्या जागी हवेची उशी वाढली. स्पीडोमीटरही फसत नाही. आमची चूक इथे होती : 'चाक' या एका शब्दात आम्ही दोन वस्तू कोंबल्या होत्या.

मग गाड्यांना मोठ्या रिम का येतात? काही अंशी कारण खरं आहे. उंची कमी असलेला टायर वळणावर कमी झुकतो, स्टिअरिंगला चटकन दाद देतो. मोठ्या ब्रेकलाही जागा मिळते. पण पुष्कळदा कारण डोळ्यांचं असतं. तगरच्या गाडीवानाने मोठं चाक रस्ता बघून निवडलं, आपण आरसा बघून निवडतो.

नातवाने घाई केली नाही, हे आम्हाला आवडलं. त्याच गाडीच्या कमी किमतीच्या मॉडेलला कंपनी कोणतं माप देते ते पाहिलं. १५ इंची रिम ब्रेकला घासत नाही ना, बोल्टची छिद्रं आणि रिमची बैठक जुळते ना, हे चाक बसवून तपासलं. टायरचा भारांकही पाहिला : ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो, ८७ म्हणजे ५४५. नवा भारांक मूळच्यापेक्षा कमी नको. वळणावर गाडी आता जराशी मऊ वाटते, असं तो म्हणतो. ती किंमत त्याने समजून मोजली.

मराठीत गाडीच्या चाकांनी पडलेल्या खोल वाटेला चाकोरी म्हणतात. आमचं मन त्याच चाकोरीतून चालत होतं : मोठं ते मजबूत. नातवाने आम्हाला त्यातून बाहेर काढलं. गेल्या महिन्यात त्याच गाडीतून, त्याच रस्त्याने त्याच्या आजीला पुन्हा तपासणीला नेलं. खड्डे होते तिथेच होते. आम्ही वेळेवर पोचलो.

कुणाला काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.