पिशवी दोन बोटांनी दाबायची

पाचोऱ्याजवळच्या खेड्यांत मी नर्स म्हणून रुजू झाले, तेव्हा न रडणाऱ्या बाळावरचे उपाय सुईणींच्या तोंडून ऐकायला मिळत: पाय धरून उलटं करा, पाठीवर चापट्या मारा, गार पाणी शिंपडा. काही जणी नाळ न कापता वार शेकत. जीव वारेत अडकलाय, असा समज. त्यांना हसू नये. उलटं धरणं आणि चापट्या दवाखान्यांतही चालत. बाहेरून आजी विचारायची, "पोऱ्या रडना का?"

खरा बदल केला तो अंबू बॅगेने. 1956 साली डेन्मार्कमध्ये हेनिंग रूबेन आणि होल्गर हेसे यांनी ती आणली. दाबली की हवा बाळाच्या फुप्फुसात, सोडली की आपोआप फुगणार. वीज नको, सिलिंडर नको. लोडशेडिंगच्या खानदेशात याहून काय हवं! मास्क मात्र हनुवटी, तोंड, नाक झाकून घट्ट बसला पाहिजे, डोळ्यांवर नको. मिनिटाला 40 ते 60 वेळा. नवख्या मुली घाबरून अख्खा पंजा आवळतात. मी ओरडते, "अगं, छाती हलते का बघ, पिशवीकडे काय बघतेस?"

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 1999पासून हीच पिशवी 39 गावांतल्या आरोग्यदूतांच्या हाती दिली. त्याआधी तोंडाने फुंकायची नळी आणि मास्क होता. मला पिशवीपेक्षा त्या आरोग्यदूत बायकाच मोठ्या वाटतात. सरकारचा नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम 2009 साली आला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सूचना आल्या: पूर्ण दिवसांच्या बाळाला साध्या हवेनेच सुरुवात करा. अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी मात्र ऑक्सिजनचा सिलिंडर हाताशी हवाच.