ऐयाराचा न्याय : तिलिस्मी कथेतील सज्जन, दुर्जन आणि भूतनाथ

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत उत्तर भारतातील वाचकांना अद्भुतकथेचे जणू वेड लागले होते. लखनौच्या मुन्शी नवलकिशोर यांच्या छापखान्यातून १८८३पासून पुढील दहा वर्षांत ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे जाडजूड खंड एकामागून एक बाहेर पडले. पहिले चार मुहम्मद हुसेन जाह यांनी सिद्ध केले आणि पुढील खंड अहमद हुसेन कमर यांनी. हे काम चालू असतानाच काशीला देवकीनंदन खत्री यांची ‘चंद्रकांता’ अवतरली. तिच्या प्रकाशनाचे वर्ष सामान्यतः १८८८ असे दिले जाते. ती वाचता यावी म्हणून अनेकांनी नागरी लिपी शिकून घेतली, ही गोष्ट हिंदी साहित्याच्या इतिहासात वारंवार सांगितली जाते.

तरीही समीक्षेने या वाङ्मयाला फारसा मान दिला नाही. आचार्य रामचंद्र शुक्ल यांनी आपल्या ‘हिंदी साहित्य का इतिहास’ (१९२९) या ग्रंथात खत्रींनी वाचकवर्ग निर्माण केला, एवढे श्रेय त्यांना मोकळेपणाने दिले. मात्र ज्या कथांचा हेतू केवळ घटनावैचित्र्य हा आहे आणि ज्यांत भाव व चरित्रचित्रण नाही, त्यांना साहित्याच्या कोटीत बसवता येत नाही, असा निर्वाळाही दिला. हा निर्णय पुष्कळ अंशी रास्त आहे. सज्जन आणि दुर्जन यांची वाटणी आधीच झालेली असेल, तर पात्रांना निवड करण्याजोगे काही उरत नाही. आणि जेथे निवड नाही तेथे चरित्रही नाही. प्रश्न इतकाच, की तिलिस्मी कथेत ही वाटणी खरोखरच शेवटपर्यंत टिकते काय?

याचे उत्तर शोधताना प्रथम दास्तानीची घडण पाहावी लागते. अमीर हमजाची दास्तान फार जुनी. अकबराने सोळाव्या शतकात तिच्यावर सुमारे चौदाशे चित्रांचा ‘हमजानामा’ करवून घेतला, आणि १८०१ साली फोर्ट विल्यम कॉलेजसाठी खलील अली खान अश्क यांनी तिला उर्दू गद्याचे रूप दिले. रज्म, बज्म, तिलिस्म आणि ऐयारी, म्हणजे युद्ध, मैफल, मायावी रचना आणि बहुरूपी हेराची कला, हे या कथनपरंपरेचे चार आधारस्तंभ. ‘होशरुबा’ हा याच दास्तानीचा विस्तार होय. त्यात एका बाजूस जादूगारांचा सम्राट अफरासियाब आणि स्वतःला ईश्वर म्हणविणारा लका, तर दुसऱ्या बाजूस हमजाची छावणी. सत्य कोठे आणि असत्य कोठे, याविषयी श्रोत्याच्या मनात क्षणभरही शंका राहू नये अशी ही मांडणी आहे. दुष्टत्व हे येथे एखाद्या व्यक्तीच्या स्वभावात वसत नाही; ते एका छावणीचे, एका उपासनेचे नाव आहे. त्यामुळे नैतिक निवड म्हणजे काय, तर छावणी बदलणे. पाडाव झालेल्या जादूगारापुढे दोनच वाटा असतात : खऱ्या धर्माचा स्वीकार किंवा मृत्यू.

परंतु याच चौकटीत एक फट आहे. महरुख ही समर्थ जादूगारीण अफरासियाबचा पक्ष सोडते आणि हमजाचा नातू असद याच्या बाजूने सेनेचे नेतृत्व करते. अफरासियाबची राणी हैरत. तिची सख्खी बहीण बहार हीदेखील पुढे याच छावणीत येते. पक्ष बदलला तरी या स्त्रियांची विद्या बदलत नाही. कालपर्यंत जी जादू पाप होती, तीच आज धर्मकार्यास उपयोगी पडते. हमजा स्वतः मात्र जादूला स्पर्श करीत नाही. त्याच्यासाठी जादू करतात त्या या फितूर जादूगारिणी, आणि कपट करतो तो त्याचा बालमित्र अमर ऐयार. हा अमर लोभी आहे, थट्टेखोर आहे. साऱ्या जगाची लूट सामावून घेणारी त्याची झंबील कधी भरत नाही. तो गुंगी देतो, वेष पालटतो, झोपलेल्याचा गळाही कापतो. नायकाचे हात निर्मळ राहतात ते दुसऱ्या कोणीतरी आपले हात मळवून घेतल्यामुळे, ही गोष्ट दास्तानगो जाणून असतो. पण तिचा हिशेब तो मागत नाही. श्रोते हसतात आणि कथा पुढे सरकते.

देवकीनंदन खत्री (१८६१–१९१३) यांनी दास्तानीतून तिलिस्म व ऐयारी घेतली; तिची आकाशव्यापी चौकट मात्र टाकून दिली. काशीनरेशांच्या राज्यातील चकिया व नौगढ येथील जंगलांचे ठेके त्यांच्याकडे होते, आणि तेथील ओसाड गढ्या, दऱ्या व भग्नावशेष त्यांच्या कथांची भूमी झाले. त्यांच्या तिलिस्मात जिन्न नाहीत, मंत्र नाहीत. आहेत ती यंत्रे, कळा, गुप्त दारे आणि भुयारे. मायावी शक्ती कथेतून गेली, तसा दुष्टत्वाचा अलौकिक उगमही गेला. विजयगढच्या दिवाणाचा मुलगा क्रूरसिंह हा खलनायक आहे तो राजकन्येच्या आणि गादीच्या लोभामुळे, आणि चुनारगढचा शिवदत्त आहे तो सत्तेच्या मदामुळे. अर्थात खलत्वाची मानवी कारणे सापडली म्हणजे खल माणूस झाला, असे नव्हे. क्रूरसिंहाच्या बापाचे नाव कुपथसिंह आहे. नामकरणातच निकाल लागलेला आहे. १९९४ साली दूरदर्शनवर आलेल्या मालिकेमुळे क्रूरसिंह घरोघरी पोहोचला, पण मूळ कादंबरीत त्याचे महत्त्व लवकरच ओसरते आणि वैराची सूत्रे शिवदत्ताच्या हाती जातात. क्रूरसिंहाचे नाजिम व अहमद हे ऐयार ज्या रीतीने रंगविले आहेत, तीत त्या काळातील सांप्रदायिक पूर्वग्रह डोकावतो, याकडेही डोळेझाक करता येणार नाही. छावण्यांची जुनी विभागणी खत्रींनी मोडली खरी. तिचे काही तुकडे मात्र त्यांच्याही लेखणीत अडकून राहिले.

‘चंद्रकांते’चे खरे नावीन्य राजपुत्र वीरेंद्रसिंहात किंवा त्याच्या शत्रूंत नसून ऐयारांत आहे. ऐयार आपल्या चातुर्याने रक्तपाताविना युद्धाचा निकाल लावीत, असे खत्रींनी प्रास्ताविकात सांगितले आहे. तेजसिंह, देवीसिंह, चपला आणि शत्रुपक्षाकडील पंडित बद्रीनाथ, पन्नालाल या सर्वांजवळ सारखाच बटवा, सारखीच बेशुद्धीची पूड आणि शुद्धीवर आणणारा सारखाच लखलखा आहे. पकडलेल्या ऐयाराला कैदेत ठेवावे, त्याचा जीव घेऊ नये, असा या व्यवसायाचा दंडक आहे. दोन्ही पक्षांचे ऐयार एकमेकांच्या कसबाची मनापासून वाखाणणी करतात, आणि शिवदत्ताचे ऐयार पुढे वीरेंद्रसिंहाच्या सेवेत येतात तेव्हा त्यात कोणालाही वावगे वाटत नाही. धन्याशी इमान हीच ऐयाराची नीती. पण धनीच दुष्ट असेल तर इमानाचे मोल काय, हा प्रश्न या कादंबरीत दाराशी येऊन उभा राहतो; आत येत नाही.

तो आत येतो ‘चंद्रकांता संतती’मध्ये. १८९४पासून सुमारे दशकभर प्रसिद्ध होत राहिलेल्या या चोवीस भागांच्या कथेत जमानियाची मायारानी आहे. दुसरीच्या जागी कपटाने राणी होऊन बसलेली आणि पती गोपालसिंह याला तिलिस्मात बंदिवान करून तो मेला असे जगाला भासवणारी ही स्त्री खलनायिकेच्या प्रचलित साच्यातलीच आहे. तिच्या सावलीतून मात्र एक निराळाच पुरुष बाहेर येतो. तो भूतनाथ. त्याचे मूळ नाव गदाधरसिंह. तो ऐयारीत निष्णात आहे, धाडसी आहे, कमलिनीच्या बाजूने मायारानीविरुद्ध जिवावर उदार होऊन झटतो. पण जुन्या पत्रांचा एक जुडगा समोर येताच हाच माणूस भयाने पांढराफटक पडतो. तारुण्यात लोभापायी केलेली कृत्ये त्याच्या मागावर आहेत. आजचे त्याचे सत्कृत्य कितपत पश्चात्तापाचे आणि कितपत बदनामीच्या भीतीचे, हे वाचकाला सांगता येत नाही, आणि बहुधा त्याला स्वतःलाही उमगत नाही.

येथे दास्तानीची मांडणी उलटते. अमर ऐयाराकडे न मागितलेला हिशेब भूतनाथाकडे मागितला जातो. तो केवळ चांगल्यांच्या छावणीत आला म्हणून निर्दोष ठरत नाही. त्याने काय केले, कोणाच्या विश्वासाचा घात केला, हे दरबारात साक्षीपुराव्यानिशी उलगडले जाते. पत्रे मांडली जातात, हस्ताक्षरे ओळखली जातात, खरे कागद आणि बनावट कागद वेगळे केले जातात. दंडसंहिता (१८६०) आणि पुराव्याचा कायदा (१८७२) अमलात आल्यानंतरच्या पिढीसाठी हे लेखन झाले, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रसंगांची धाटणी नवलाची वाटत नाही. ठेकेदार खत्रींना आणि त्यांच्या वाचकांना कचेरी व दस्तऐवज परिचयाचे होते. तलवारीपेक्षा कागदाने अधिक माणसे उद्ध्वस्त होतात, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असणार. कथेचे वेष जुन्या राजेरजवाड्यांचे असले, तरी तिच्यातील पाप नव्या काळाचे आहे : तोतयेगिरी, खोटी पत्रे, हडपलेली मालमत्ता.

भूतनाथाला अखेर क्षमा मिळते. या क्षमेत एक उणीव आहे, हे मान्य केले पाहिजे. मृत समजली गेलेली गोपालसिंह, लक्ष्मीदेवी, बलभद्रसिंह आदी माणसे तिलिस्माच्या पोटातून वा कैदखान्यातून जिवंत बाहेर येतात, आणि हानी भरून निघाल्यासारखी दिसू लागली की क्षमेचे ओझे हलके होते. ज्यांचे मृत परत येत नाहीत त्यांनी काय करावे, हे ही कथा विचारत नाही. तथापि खत्रींना हा प्रश्न मिटल्यासारखा वाटला नसावा. ‘संतती’ संपल्यावर त्यांनी नायकाच्या वंशजांची कथा पुढे न नेता भूतनाथाचेच जीवनवृत्त हाती घेतले. १९१३ साली ते निवर्तले तेव्हा ‘भूतनाथ’चे सहा भाग लिहून झाले होते, उरलेली विस्तीर्ण कथा त्यांचे पुत्र दुर्गाप्रसाद खत्री यांनी पूर्ण केली.

याच सुमारास मराठीत काय चालले होते, हे पाहिल्यास या घटनेचे महत्त्व अधिक स्पष्ट होते. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) यांनी अद्भुतरम्य कादंबरीचा पाया घातला. सद्गुणाला फळ आणि दुर्गुणाला शासन हा तिचा नियम होता. हरिभाऊ आपटे यांच्या ‘मधली स्थिती’ने (१८८५) वास्तवाचा मार्ग मोकळा केल्यावर नैतिक द्वंद्व सामाजिक कादंबरीकडे गेले, आणि ‘वीरधवल’सारख्या कादंबऱ्यांत अद्भुताची आवड टिकून राहिली ती मुख्यतः रंजनापुरती. हिंदीत मात्र हे द्वंद्व अद्भुताच्या घरातच जन्मले. राजपुत्राच्या किंवा खलनायकाच्या पोटी न जन्मता ते दोघांचीही चाकरी करणाऱ्या, कपट हाच ज्याचा धंदा त्या ऐयाराच्या पोटी जन्मले.

म्हणून शुक्लांच्या निर्णयाला एक पुरवणी जोडावी लागते. तिलिस्मी कथेत चरित्र नाही, हे तिच्या नायकांविषयी आणि खलांविषयी खरे आहे. त्यांची नावे ठेवतानाच त्यांचे भवितव्य ठरलेले असते. पण ज्याच्या बटव्यात वेष पालटण्याचे साहित्य आहे, त्याला कोणता चेहरा आपला हे एकदा तरी ठरवावेच लागते. भूतनाथ तो चेहरा दरबारासमोर उघडा करतो, तेव्हा तिलिस्माच्या साऱ्या कळा-कुलपांहून अवघड असे एक दार उघडलेले असते.