पिवळ्या दिव्याचं कूळ

डॅशबोर्डवर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागला की पहिला विचार खर्चाचा येतो. इंजिनचं काम निघालं! पण हा दिवा मुळात इंजिनच्या काळजीपोटी जन्मलेला नाही. त्याचं मूळ लॉस एंजेलिसच्या हवेत आहे.

1943 च्या जुलैत त्या शहरावर डोळे चुरचुरवणारा धूर इतका दाटला, की जपानने विषारी वायू सोडला असावा अशी शंका लोकांना आली. युद्ध संपलं, धूर काही हटेना. कॅलटेकमधले डच रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट तेव्हा अननसाच्या स्वादावर संशोधन करत होते. ते या हवेकडे वळले आणि 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दाखवून दिलं, की न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं उन्हात एकत्र आली की ओझोन तयार होतो. आणि हा माल मुख्यतः गाड्यांच्या सायलेन्सरमधून येतो. मोटार कंपन्यांना हे पचलं नाही. पण 1967 मध्ये कॅलिफोर्नियात हवेसाठी स्वतंत्र मंडळ उभं राहिलं, आणि त्याचे पहिले अध्यक्ष हागेन-स्मिटच झाले.

1975 च्या मॉडेलांपासून अमेरिकी गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. पुढच्या सुधारित कन्व्हर्टरला हवा-पेट्रोलचं प्रमाण अगदी नेमकं लागायचं. कार्ब्युरेटरच्या स्क्रूने ते जमण्यासारखं नव्हतं, म्हणून ऑक्सिजन सेन्सर आला आणि त्याच्यामागोमाग कॉम्प्युटर. सेन्सरच बिघडला तर? ते कॉम्प्युटरला कळायला हवं आणि मेकॅनिकला सांगताही यायला हवं. 1981 च्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत डॅशखालच्या कनेक्टरच्या दोन पिना वायरने जोडल्या की दिवा लुकलुकायचा: एकदा, थोडं थांबून दोनदा. म्हणजे कोड 12, यंत्रणा जागी आहे. त्यानंतर बिघाडांचे कोड. मेकॅनिक कागद-पेन्सिल घेऊन ते मोजत बसायचे.

कॅलिफोर्नियाने 1988 च्या मॉडेलांपासून अशी यंत्रणा सक्तीची केली, पण तिच्यात मोठी उणीव राहिली. तुटलेली वायर सापडायची. निकामी झालेला कन्व्हर्टर मात्र निसटायचा. शिवाय प्रत्येक कंपनीचा कनेक्टर वेगळा, कोड वेगळे. दुसरी आवृत्ती 1996 पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या कारना लागू झाली. सोळा पिनांचा एकच कनेक्टर आणि सगळ्यांना समान कोड. रस्त्याकडेच्या लहान गॅरेजवाल्याच्या हातात खरी चावी आली ती इथे, असं मला वाटतं.

तिची तपासणी फार देखणी आहे. क्रँकवरच्या दातेरी चाकाजवळचा सेन्सर एकेका दाताला किती वेळ लागला ते मोजत असतो. एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटलं नाही की क्रँक त्या क्षणापुरता मंदावतो. आपल्याला जाणवणारही नाही इतका, पण कॉम्प्युटर तो सिलिंडर ओळखतो. पहिला असेल तर पी 0301. कन्व्हर्टरच्या पुढे-मागे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. पुढचा सतत वरखाली होत राहतो, मागचा शांत हवा. कारण धडधाकट कन्व्हर्टर ऑक्सिजन साठवतो आणि लागेल तसा सोडतो. मागचाही पुढच्यासारखाच नाचू लागला, तर कन्व्हर्टर संपला. पी 0420.

बहुतेक दोषांना ही यंत्रणा एक संधी देते. दोष पहिल्यांदा दिसला तर नुसती नोंद. पुढच्या फेरीतही दिसला की दिवा. दिवा लुकलुकू लागला तर मात्र लगेच वेग कमी करून गाडी बाजूला घ्यावी. इंजिन जोरात मिसिंग करतंय आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये पेटून तो वितळू शकतो. उलट क्लच प्लेट झिजली तर हा दिवा गप्प राहील. तिचा धुराशी काय संबंध?

आपल्याकडे ही यंत्रणा भारत स्टेज चारच्या नियमांबरोबर आली. एप्रिल 2010 मध्ये ते नियम आधी तेरा शहरांत लागू झाले, त्यांत मुंबई, पुणे आणि सोलापूर होती. 2013 पासून दुसरी आवृत्ती बंधनकारक झाली. कॅलिफोर्नियात आता 2000 आणि त्यानंतरच्या मॉडेलांच्या पेट्रोल गाड्यांची धूर-तपासणी कनेक्टरला वायर जोडूनच होते. आदल्या रात्री कोड पुसून आलात तर तेही पकडलं जातं. कारण कोणत्या चाचण्या अजून पूर्ण व्हायच्या आहेत याची नोंदही गाडीतच असते. आपली पीयूसी तपासणी सायलेन्सरमध्ये घातलेल्या प्रोबवरच चालते. आपल्या केंद्रांनीही ही नोंद वाचायला सुरुवात करावी. कनेक्टर तर स्टिअरिंगखाली आधीपासूनच बसवलेला आहे.